झुबकीचा शेंगदाणा आणि टिंगू पोकलेन

कान टवकारा, मांडी घाला. बसलात? मग ऐका हं!

एक होती खार. तिचं नाव झुबकी. का झुबकी? अहो, शेपटी केवढी झुबकेदार!

आज झुबकीच्या पिल्लाचं उष्टावण होतं. पिल्लू आज पहिला घास खाणार! पहिला घास कोण भरवतो? मामा! पण झुबकीला भाऊच नव्हता.

"असू दे," झुबकी म्हणाली, "शेंगदाणा तर आहे!"

दाणा घेऊन घरट्याकडे निघाली, टुणुक टुणुक. दोन घरांमधला बोळ आला. टप्प! दाणा पडला. तेवढ्यात जुना कठडा ढासळला. धडाडधूम! दाण्यावर दगडमातीचा हा ढीग!

झुबकीनं उकरलं, खर्र खर्र. ढीग हलेना. झुबकी रडली. मग डोळे पुसले आणि बोळ किती रुंद ते शेपटीनं मोजलं. सात शेपट्या!

टुणुक टुणुक ती गेली माळावर. तिथं तीन पोकलेन उभे होते. लांब लांब हात, हाताला बकेट, काम एकच, खणायचं!

ढब्बू पोकलेन म्हणाला, "मला ने! मी सगळ्यात मोठा!"

झुबकीनं शेपटी लावली. मोजता मोजता दमलीच. "तू नको रे बाबा! तू आलास तर दोन्ही घरं पडतील!"

मधला म्हणाला, "मग मला ने!"

शेपटी लावली. आठ! "अरेरे, एका शेपटीनं हुकलं बघ!"

कोपऱ्यात होता टिंगू. एवढुस्सा. "मला कुणी नेतच नाही," तो म्हणाला.

शेपटी लावली. सहा! "मावला, मावला! टिंगूदादा, माझा दाणा काढ ना!"

"काढीन की ताई! पण मला चालवतात दगडूकाका. काका नाही, तर मी नाही!"

टुणुक टुणुक ती गेली दगडूकाकांकडे. काका बाकावर पेंगत होते.

"दगडूकाका, दगडूकाका,
टिंगू हलेना,
दाणा निघेना,
पिल्लाचं उष्टावण होईना!"

काका म्हणाले, "चहा नाही, तर मी नाही!"

टुणुक टुणुक ती गेली चहावाल्या हौसाबाईंकडे.

"हौसाबाई, हौसाबाई,
काका उठेनात,
टिंगू हलेना,
दाणा निघेना,
पिल्लाचं उष्टावण होईना!"

हौसाबाई म्हणाल्या, "दूध नाही, तर चहा नाही!"

टुणुक टुणुक ती गेली शेळीकडे.

"शेळीबाई, शेळीबाई,
चहा उकळेना,
काका उठेनात,
टिंगू हलेना,
दाणा निघेना,
पिल्लाचं उष्टावण होईना!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! पाला नाही, तर दूध नाही!"

टुणुक टुणुक ती गेली शेवग्याच्या झाडाकडे.

"शेवग्या, शेवग्या,
शेळी दूध देईना,
चहा उकळेना,
काका उठेनात,
टिंगू हलेना,
दाणा निघेना,
पिल्लाचं उष्टावण होईना!"

शेवगा म्हणाला, "वारा नाही, तर पाला नाही!"

वारा कुठं होता? पत्र्यावर लोळत होता, आळशी कुठला!

"वाऱ्या, वाऱ्या,
पाला पडेना,
शेळी दूध देईना,
चहा उकळेना,
काका उठेनात,
टिंगू हलेना,
दाणा निघेना,
पिल्लाचं उष्टावण होईना!"

वारा म्हणाला, "आधी तुझी शेपटी विसकटू दे!"

अगं बाई! उष्टावणासाठी सकाळपासून विंचरलेली शेपटी! झुबकीनं शेपटीकडे पाहिलं. मग पिल्लू आठवलं.

"घे! विसकट!"

फूऽऽऽ! शेपटीची झाली केरसुणी! वारा हसला खो खो खो.

आणि मग काय विचारता!

वारा सुटला, सूं सूं!
पाला पडला, सळसळ!
शेळीनं खाल्ला, कचाकचा!
दूध आलं, चुर्र चुर्र!
चहा उकळला, खदखद!
काका प्याले, सुर्र सुर्र!
काका उठले, टुणकन!
टिंगू हलला, घुर्र घुर्र!

टिंगू शिरला बोळात. इकडे भिंत, तिकडे भिंत. घासला का? छे! ढीग उपसला, खर्रक खर्रक. आणि बकेटच्या टोकावर काय? शेंगदाणा!

"घे ताई," टिंगू म्हणाला.

"मी नाही घेणार," झुबकी म्हणाली. "तू मला ताई म्हणतोस ना? मग तूच पिल्लाचा मामा! तूच भरव!"

टिंगू असा लाजला, असा लाजला! काकांनी दांडा हळूच ओढला. टिंगूनं हात उचलला. वर, वर, पार छपराखालच्या घरट्यापाशी. पिल्लानं केला आऽऽ.

कुरुम कुरुम कुरुम!

माळावरून ढब्बू ओरडला, "मीपण मामा!"

"तू थोरला मामा!" झुबकी म्हणाली. "पण बोळात येऊ नको हं!"

बोळ झाला मोकळा, पिल्लानं खाल्ला घास. आता तुमचा घास, आऽऽ करा बघू!