बुजगावण्याचा कोट

“एवढं भाषण तोंडपाठ करून आलोय, आणि तुम्ही म्हणता नको?”

फ्रेय बेंतूंनी घेवड्याचा एक वेल काठीला बांधला. मग दुसरा बांधला.

“नको म्हणालो नाही. ऐकलं म्हणालो.”

“मग चूक कुठे आहे ते तरी सांगा.”

“चूक नाहीच कुठे...” म्हातारा तिसऱ्या वेलाकडे वळला. “तीच तर पंचाईत आहे.”

हा भाषणवाला म्हणजे प्रल्हाद हुपरीकर. मूळचा इचलकरंजीचा. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला, त्या खडखडाटावर आवाज चढवायला शिकलेला, आणि पुढे आवाजावरच नाव काढलेला. गणेशोत्सव असो, कुणाचा निरोप असो, कुणाची शोकसभा असो, माइक प्रल्हादच्या हातात. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, असं म्हणतात. प्रल्हादनं अर्धं आयुष्य माती सोन्याच्या भावानं विकली होती.

पन्नाशीला टेकता टेकता त्याला पोर्तुगालच्या उत्तरेत, एका लहानशा गावातल्या कापडगिरणीत मागांवर देखरेखीचं काम मिळालं. निघताना इचलकरंजीच्या गिरणीतल्या मंडळींनी सत्कार केला, अंगाबरोबर शिवलेला एक उंची कोट दिला. कोट घालून साहेब परदेशात उतरले.

आणि उतरल्या उतरल्या मुके झाले.

तसा अभ्यास त्यानं निघण्याआधीच केला होता. क्रियापदं घोकली होती, वर्तमानपत्र वाचता येत होतं. पण इथली माणसं बोलायला लागली की शब्दांची अर्धी अक्षरं गिळूनच टाकायची. प्रल्हाद पहिला शब्द पकडेपर्यंत समोरच्याचं वाक्य संपून तो उत्तराची वाट बघत असायचा. ज्याच्या बोलण्यावर सभा डोलायची, तो बेकरीत पावाकडे बोट दाखवू लागला. फोनवर बायको म्हणाली, “तुम्ही तिकडं मुक्यागत ऱ्हाताय व्हय? मग हितं काय वाईट हुतं?” त्याला हसू आलं नाही.

मुक्यानं तग धरायचा एक उपाय मात्र त्याला सापडला होता. ‘सीं’. म्हणजे ‘हो’. समोरचा काही का बोलेना, चेहरा प्रसन्न ठेवायचा आणि म्हणायचं, “सीं, सीं.” नंदीबैलाला काय कळतं? पण मान हलवली की लोक खूश होतात.

असंच एका संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे सेन्योर अबिलियू भेटले. एकटे राहायचे, मुलगा फ्रान्सला. बराच वेळ काहीबाही बोलले. प्रल्हाद म्हणाला, “सीं, सीं.” म्हाताऱ्यानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. प्रल्हादला वाटलं, काय गोड माणसं आहेत!

गुरुवारी सकाळी अबिलियू धुतलेला शर्ट घालून, पिशवी घेऊन दारात उभे होते. प्रल्हाद त्यांना हसून “बों दिया”, म्हणजे शुभ सकाळ, म्हणाला आणि गिरणीत निघून गेला.

त्या दिवशी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सोबत माणूस असल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. सोबत यायचं प्रल्हादनं कबूल केलं होतं.

हे त्याला बेकरीवाल्या लूर्दिशनं इंग्रजीत समजावून सांगितलं. गावात ज्यांना इंग्रजी यायचं ते त्याच्याशी दयेपोटी इंग्रजीतच बोलायचे. अबिलियूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी त्या दिवसापासून त्याच्याकडे बघणंच सोडलं. जिन्यात पावलं वाजली की म्हातारा आत जाऊन दार लावून घ्यायचा, आणि ते दार लागल्याचा आवाज प्रल्हादच्या छातीत जायचा.

माफी मागायची. तीही अशी, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. प्रल्हादनं शब्दकोश उपसून झकास भाषण तयार केलं, आणि ते तपासून घ्यायला लूर्दिशनं त्याला गावाबाहेरच्या मठात पाठवलं. तिथले वृद्ध साधू फ्रेय बेंतू परदेशातून आलेल्यांना बागकाम करता करता पोर्तुगीज शिकवायचे. लूर्दिश म्हणाली होती, “त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही. म्हणून त्यांच्याकडेच जा.”

दोघांचं बोलणं अर्थातच पोर्तुगीजमध्ये, प्रल्हादचं अडखळत. इथे ते सरळ मराठीत सांगतोय, नाहीतर गोष्ट संपायची नाही.

तर वेल बांधून झाल्यावर फ्रेय बेंतू उठले, कंबर सरळ केली आणि झपाट्यानं काहीतरी बोलले. शेवटी आवाज चढला, म्हणजे प्रश्न असावा.

प्रल्हादचा चेहरा आपोआप प्रसन्न झाला.

“सीं, सीं.”

म्हाताऱ्यानं मान डोलावली. कुंपणावर प्रल्हादचा कोट टाकलेला होता, तो उचलला. वाफ्याच्या मधोमध एक बुजगावणं उभं होतं, अंगात नुसत्या चिंध्या. त्या चिंध्या काढून फ्रेय बेंतूंनी त्याला तो सत्काराचा कोट घातला. बटणं लावली. कॉलर नीट केली.

“अहो! हे काय?”

“विचारलं ना तुला.” आता ते एकेक शब्द सुटा बोलत होते. “याचा सदरा फाटलाय, तुझा कोट देतोस का? तू सीं म्हणालास.”

“मला कळलं नव्हतं!”

“मग सीं का म्हणालास?”

“सवय... तोंडातून निघून जातं.”

“अबिलियूला म्हणालास, तेही असंच?”

प्रल्हादनं खाली बघितलं. बोलायला त्याच्याजवळ पूर्ण भाषण होतं, पण त्यातलं एकही वाक्य इथे चालेना.

“तो शब्द आजपासून इथे राहील,” फ्रेय बेंतू म्हणाले. “कोटाबरोबर.”

“मग मी बोलू काय?”

“नाउं पेर्सेबी.”

म्हणजे, समजलं नाही.

प्रल्हादला राग आला. “हे तर काहीच न येणाऱ्याचं वाक्य आहे! मला सगळं शिकून झाल्यावरचं वाक्य हवंय.”

“मीही तेच सांगतोय.”

“आणि समजलं तर? तेव्हा काय म्हणू?”

“काही म्हणू नकोस. ऊठ आणि ते काम कर.”

घरी जाताना प्रल्हाद स्वतःशीच चरफडत होता. समजलं नाही! हे वाक्य त्यानं मराठीत तरी कधी उच्चारलं होतं? शाळेत मास्तर फळ्याकडून वळून विचारायचे, “समजलं?” आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, “होऽऽ!” त्यात सर्वांत मोठा आवाज प्रल्हादचा. नाही म्हणणारा वर्गात एकटा पडायचा. तेव्हा शिकलेलं ते ‘हो’ समुद्र ओलांडून त्याच्या बरोबर आलं होतं.

पण माणूस हट्टी. मागाचा दोरा तुटला तर शोधून गाठ मारल्याशिवाय पुढे न जाणाऱ्यांतला. त्यानं ठरवलं, म्हणजे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी बेकरीत लूर्दिश काहीतरी बोलली. “समजलं नाही,” प्रल्हाद म्हणाला. कान लाल झाले. तिनं लगेच इंग्रजीत सांगितलं. प्रल्हादनं दीर्घ श्वास घेतला आणि तिच्या त्या स्वच्छ इंग्रजीलाही पोर्तुगीजमध्येच उत्तर दिलं, “समजलं नाही.”

लूर्दिश त्याच्याकडे बघत राहिली. मग खो खो हसली, आणि पोर्तुगीजमध्ये पुन्हा सांगू लागली. आधी भरभर. मग जरा हळू. मागे रांग लागली. रांगेतली एक बाई हातवारे करून मदतीला धावली. इतका खटाटोप झाल्यावर कळलं की पाव कालचा आहे, ताजा थोड्या वेळानं निघेल.

तो थांबला आणि ताजा पाव घेऊन गेला.

गिरणीत तेच, टपालात तेच. काही जण वैतागले, काही जण त्याला बघून वाट बदलू लागले. मुकादमानं एकदा तोंडावर विचारलं, “तुला समजतं तरी काय?” हेही त्यानं पुन्हा म्हणायला लावलं. मुकादम तिसऱ्यांदा म्हणताना स्वतःच ओशाळला. लाज जात नव्हती. रोज नव्यानं वाटायची, आणि रोज प्रल्हाद ती गिळून तोंड उघडायचा.

शनिवारी मठात जायचा. थंडी पडली, घेवडा वाळला, वाफ्यात कोबी आला. कोटावर पाऊस पडत होता. प्रल्हाद जुन्या स्वेटरमध्ये कुडकुडत कुदळ मारायचा आणि कोटाकडे बघायचं टाळायचा.

आणि एके दिवशी त्यानं अबिलियूंचं दार वाजवलं.

दार फटीएवढं उघडलं. प्रल्हादनं घसा साफ केला. भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवर आलं, तेवढ्यात म्हातारा आतून तडतड बोलला.

“समजलं नाही. पुन्हा सांगा.”

म्हातारा पुन्हा बोलला, आता रागानं.

“समजलं नाही.”

दार लागणारच होतं. प्रल्हादनं पाय मध्ये घातला नाही, हात जोडले नाहीत. जागेवरून हलला मात्र नाही.

“सेन्योर अबिलियू, मला समजत नाही. तेव्हाही समजलं नव्हतं. पुन्हा सांगा.”

फटीतला डोळा त्याच्यावर बराच वेळ रोखलेला होता. त्या डोळ्यावर सायीसारखा पडदा आला होता. मग म्हातारा थकून, लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द बोलला. गुरुवार. पुन्हा तारीख. डोळा. मुलगा येत नाही. तुला काय त्याचं?

प्रल्हादला समजलं. ‘सीं’ जिभेच्या टोकावर आलं, ते त्यानं परतवलं.

गुरुवारी सकाळी अबिलियू पिशवी घेऊन बाहेर आले, तेव्हा छत्री घेऊन तो आधीच दारात उभा होता.

इस्पितळात ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या अबिलियूंना समोर बसवून डॉक्टरीणबाई सूचना देऊ लागल्या. थेंब कुठले, केव्हा, काय करायचं, काय नाही, सगळं एका दमात. अबिलियूंच्या चेहऱ्यावर हळूहळू एक प्रसन्न हसू पसरलं.

“सीं, सीं, दोतोरा.”

प्रल्हाद दचकला. तो आवाज त्याचा स्वतःचा होता. ती मानही त्याचीच. मातृभाषा ऐकत बसलेल्या या माणसाला भीतीनं आणि लाजेनं एक अक्षर कळलं नव्हतं.

“समजलं नाही,” प्रल्हाद मोठ्यानं म्हणाला. “पुन्हा सांगा.”

बाईंनी परक्या माणसाकडे पाहिलं आणि समजूतदारपणे इंग्रजी सुरू केलं.

“समजलं नाही.” त्यानं अबिलियूंच्या खांद्यावर हात ठेवला. “यांना सांगा.”

बाई थांबल्या. खुर्ची पुढे ओढली आणि हळू, एकेक करून सांगू लागल्या. आता अबिलियू बोलले. वाकायचं नाही म्हणजे कोबी काढायलाही नाही का? कोबी काढायलाही नाही. आणि त्या दुसऱ्या बाटलीचं काय म्हणालात?... अजून एकदा सांगा बाई.

परतीच्या बसमध्ये म्हाताऱ्यानं प्रल्हादचा दंड धरून ठेवला होता.

“तरुणपणी मी फ्रान्सला होतो,” तो म्हणाला. “कारखान्यात. वर्षानुवर्षं सगळ्यांना ‘वी, वी’ म्हणत राहिलो... कशाकशाला हो म्हणालो, देवालाच ठाऊक.”

भरभर बोलला होता, अक्षरं गिळत, बसच्या आवाजात. प्रल्हादला सगळं पहिल्याच वेळी समजलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

शनिवारी मठात तो थोडा खट्टू होऊनच पोचला. फ्रेय बेंतू कोबीभोवतीची माती सारत होते.

“माफी मागितलीस?”

“नाही. भाषण राहूनच गेलं.”

“आणि तो?”

“काल रात्री जेवायला बोलावलं होतं. खूप बोलला. निम्मं कळलं नाही, तसं त्याला सांगितलं. मग तो पुन्हा बोलला.” प्रल्हाद कुदळ घ्यायला वाकला आणि तसाच थांबला. “फ्रेय, इतके महिने झाले... मला पोर्तुगीज येतं का आता?”

म्हातारा झपाट्यानं काहीतरी बोलला.

“समजलं नाही,” प्रल्हाद म्हणाला. या वेळी कान लाल झाले नाहीत.

फ्रेय बेंतूंनी हात झटकले. वाफ्याच्या मधोमध पावसानं विटलेला कोट घालून बुजगावणं उभं होतं. त्याच्याकडे हनुवटीनं खूण करून ते सावकाश, सुट्या शब्दांत म्हणाले,

“कोट घेऊन जा... तुझं ‘सीं’ खिशातच आहे.”