डागाचे उपरणे

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी ऐकत नसल्यासारखे दाखवून नीट ऐकावी. एका राज्यात चिडाच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या उंच झाडांनी भरलेला डोंगर होता आणि पायथ्याशी एका घराण्याची भट्टी होती. झाडाला हलकी खाच पाडून मडक्यात चीक धरायचा आणि तो पाण्यासह तांब्याच्या हंड्यात मंद आचेवर तापवायचा. नळीतून थेंब थेंब तेल उतरे, तळाशी राळ राही. त्या तेलात कालवलेला रंग लखलखीत वाळे.

पणजोबांनी ही भट्टी उघड्या माळावर लावली, आजोबांनी तिच्यावर छप्पर घातले, वडिलांनी तिचे नाव राजधानीपर्यंत नेले. पण एक रीत कोणीच सोडली नाही. तेल दाराबाहेर जाण्याआधी घरचा कर्ता आपल्या पांढऱ्या उपरण्यावर एक थेंब टाकी. शुद्ध तेल पाहता पाहता उडून जाई. डाग उरला, तर सारे तेल पुन्हा हंड्यात! वडिलांचे उपरणे म्हातारपणापर्यंत बगळ्यासारखे शुभ्र राहिले होते.

वडिलांची दृष्टी गेली, तेव्हा ते उपरणे मुलाच्या खांद्यावर आले. मुलगा कष्टाळू होता, पण ‘आपण याला शोभतो का?’ ही शंका त्याला जेवतानाही सोडीना.

त्याच वर्षी राजाने नवा सभामंडप बांधला. ज्याचे तेल मंडपाच्या रंगाला लागेल, त्याच्या दारावर राजाचे निशाण लागणार होते. मुलाला वाटले, निशाण आले की आपली लायकी जगाला पटेल, आणि आपल्यालाही. तेल न्यायला राजाची गाडी येण्याची वेळ जवळ आली, तशी त्याला मंद आच सोसेना. त्याने चुलाण्यात लाकडे कोंबली.

“अहो, नळी गुरगुरतेय,” बायको म्हणाली.

“गुरगुरू दे. तेल धो धो येतंय ना?”

“धो धो यायला ती काय नदी आहे?”

इतक्यात राजाचा कारभारी गाडी घेऊन आला. मुलाने अंगणात उभे राहून थेंब टाकला. थेंब उडाला, पण मागे मेथीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका राहिला. भडकलेल्या आचेने राळ तेलाबरोबर वर आली होती. मुलाने झटकन उपरण्याची घडी घातली.

“आटपा हो!” कारभारी ओरडला. “पलीकडच्या गावचा भट्टीवाला केव्हाचा वाट बघतोय.”

ओट्यावरून वडिलांनी विचारले, “बाळा, थेंब उडाला?”

“उडाला, आबा.”

“मागे काही उरलं?”

‘नाही’ म्हटले असते तर कोणाला कळणार होते? आबांना दिसत नव्हते, आणि कारभाऱ्याला त्यातले काही समजत नव्हते. पण उपरणे खांद्यावर दगडासारखे जड झाले. मुलाने घडी उलगडली.

“डाग उरलाय, आबा. आच मी वाढवली. राळ वर आली.”

कारभारी हसला. “एवढ्याशा ठिपक्यापायी निशाण घालवता? वेडे आहात!”

“आमचं घराणंच वेडं आहे,” म्हातारा ताठ बसत म्हणाला. “बाळा, ओत हंड्यात.”

गाडी रिकामी गेली आणि पलीकडच्या गावी भरली. त्या तेलाने मंडप रंगला. पहिल्या दरबाराच्या दिवशी राजा खांबाला टेकून बसला, आणि उठला तेव्हा त्याचा शेला खांबालाच राहिला! त्या तेलातही राळ उतरली होती, त्यामुळे रंग वाळलाच नव्हता. दरबारी माना खाली घालून हसू दाबू लागले. राजाने दरडावताच कारभाऱ्याने अंगणातली सारी हकीकत सांगितली.

मग राजा स्वतः निशाण घेऊन भट्टीवर आला. या वेळी आच मंद होती. मुलाने त्याच उपरण्यावर, जुन्या ठिपक्याशेजारी, थेंब टाकला. तो मागमूस न ठेवता उडाला.

“निशाण कुठे लावू?” राजाने विचारले.

मुलाने खांद्यावरचे डागाचे उपरणे काढून चौकटीवर बांधले आणि मान ताठ करून म्हणाला, “लावा महाराज, पण याच्या खाली.”

राजा मोठ्याने हसला आणि त्याने तसेच केले.

पुढे ते निशाण वाऱ्याने विरले, राजेही बदलले. उपरणे मात्र अजून त्या दारावर आहे. ते कोणी कधी धुतले नाही. नवा कर्ता झाला की वडीलधारे त्याला आधी तो ठिपका दाखवतात आणि मगच चुलाण्यापाशी नेतात.

तात्पर्य: आपला डाग जो स्वतः उघडून दाखवतो, त्याच्याच हाती घराण्याचे नाव उजळ राहते.