खिशातली घंटी

फार पूर्वी, म्हणजे राजा-राणीच्या काळात नव्हे, सायकली आल्यानंतरच, डोंगरावरच्या एका गावात एक सायकलवेडा राहत होता. त्याच्याकडे जुनी रेसची सायकल होती. वाकडं हँडल, बारीक टायर, बाकी अंगावर काही नाही. घंटी नाही, दिवा नाही, आरसा नाही. तरुणपणी तिच्यावर त्याने शर्यती मारल्या होत्या. आता केस पिकले, तरी रोज सकाळी तिला तेल लावून पुसायचा. बायकोच्या डोक्याला कधी बोटभर तेल लावलं नाही, पण ते असो.

डोंगराखाली बाजाराचं गाव होतं. तिथे दरवर्षी जुन्या सायकलींचा मेळा भरे. कारखान्यातून आली तशीच्या तशी राहिलेली जी सायकल असेल, तिच्या मालकाला मानाचा फेटा. यंदा तो फेटा आपल्याच डोक्यावर, असं याने धरलंच होतं.

मेळ्याच्या सकाळी पाहतो तर हँडलवर पितळी घंटी!

"अगं, काय केलंस हे? रेसच्या सायकलीला घंटी? पैठणीवर स्वेटर घातल्यासारखं दिसतंय!"

"थंडी असली की पैठणीवरही स्वेटर घालतात," बायको म्हणाली.

शेजारचा मित्र कुंपणावरून म्हणाला, "वहिनी, घंटी दिसली की फेटा गेला बघा."

"तुम्ही तुमचा चहा प्या, भावोजी."

"इतकी वर्षं मी पडलो का कधी?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही नाही हो पडत. उतारावर बायका डोक्यावर ओझी घेऊन चालतात, त्यांचं म्हणते मी."

"मग ओरडेन की! देवाने गळा दिलाय."

बायको दारातून हलेना, तेव्हा तो घंटीसकट मुकाट निघाला. पण पहिल्या वळणाआड थांबला, घंटी काढली आणि कोटाच्या खिशात टाकली. मनात म्हणाला, मेळा झाला की परत लावू, कोणाला कळतंय?

पुढे उतार लागला. सायकल वाऱ्यासारखी सुटली. वळण घेतो तर समोर एक कुंभारीण. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गाडग्या-मडक्यांची पाटी. नुकत्याच भाजलेल्या भट्टीचा सगळा माल बाजाराला चाललेला.

आता डोक्यावर ओझं असलं की माणसाला मान वळवता येत नाही. त्या उताराची रीत अशी, की मागे घंटी वाजली की बाईने न वळता डोंगराच्या कडेला व्हायचं आणि सायकलने दुसरीकडून जायचं. घंटी लांबून ऐकू येते, आणि घंटीला कोणी वळून बघत नाही.

हा अगदी जवळ येऊन ओरडला, "ओ बाई! बाजूला व्हा!"

माणसाची हाक आली, तिने मान वळवली. पाटी कलंडली. मडकी रस्त्यावर फुटली, त्यांच्यामागे बाई हातावर पडली. याने हँडल फिरवलं आणि सायकलीसकट चरात गेला. पडता पडता खिशातून आवाज आला, ट्रिंग!

कुंभारणीने मनगट धरून विचारलं, "घंटी आहे होय तुमच्याकडे?"

"आहे," तो म्हणाला. "खिशात होती."

"खिशात? मी काय तुमच्या खिशात चालत होते?"

तो उठला, सायकल चरातच ठेवली, शाबूत राहिलेली मडकी पाटीत भरली, पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तिच्याबरोबर बाजारात गेला. वाटेत मागून कोणीतरी हाक मारली, तेव्हा मान वळवता येत नाही म्हणजे काय, ते त्याला कळलं. मेळ्याकडे तो फिरकलाच नाही.

तिचं मनगट बरं होईपर्यंत तो रोज तिच्या अंगणात जाऊन माती तुडवायचा. शर्यती मारलेले पाय, ते शेवटी चांगल्या कामाला लागले. संध्याकाळी बायको त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळायची. बोलायची पुष्कळ, पण चोळायची.

पुढच्या वर्षी तो मेळ्याला गेला. पंचांनी सायकल खालून वरून पाहिली, हात फिरवला, आणि हँडलपाशी थांबले.

"सायकल म्हणजे सोनं आहे हो. तेवढी घंटी काढा, फेटा तुमचाच."

त्याने फेट्याकडे पाहिलं. पाहिलं बरं का, उगाच साधुसंत झाला नव्हता तो. मग म्हणाला, "ही घंटी माझी नाही. उतारावरून चालणाऱ्या बायकांची आहे. त्या काढा म्हणाल्या, तर काढतो."

फेटा दुसऱ्याला गेला. हा उघड्या डोक्याने घरी निघाला. चढावर पुढे तीच कुंभारीण, डोक्यावर न विकलेली गाडगी घेऊन परत चाललेली. याने लांबूनच घंटी वाजवली.

ती न वळता कडेला झाली आणि तशीच म्हणाली, "या दादा, निवांत या."

तात्पर्य: घंटी आपल्या सायकलीवर असली, तरी ती पुढे चालणाऱ्यासाठी असते. आपली शोभा जाते म्हणून ती काढून ठेवणाऱ्याने आधी डोक्यावर मडकी घेऊन तो उतार उतरून पाहावा.