रावजीशेटची खूण

एका बाजारपेठेच्या गावात रावजीशेट नावाचे धान्याचे व्यापारी होते. माणूस हसरा, पण भारी संशयी. परटाकडे आपले कपडे लोक मुद्दाम बदलतात, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग काय, प्रत्येक सदऱ्याच्या मानेशी आणि धोतराच्या काठाला त्यांनी बिब्ब्याच्या रसाची काळी, ठसठशीत खूण करवून घेतली.

पुढे शेटजींना खाज सुटली. मान खाजवावी तर कंबर हाका मारी. गिऱ्हाईक तांदूळ मागतंय आणि शेटजी चौकटीला मान घासतायत! झोपेचं तर नावच नको. वैद्यबुवा म्हणाले, "खाजवू नका, खोबरेल लावा, आणि खाज कशानं उठते ते घरातच शोधा."

शेटजींनी शोध लगेच सुरू केला. वांगी बंद झाली. बिचारं मांजर शेजारी गेलं. तरी खाज हटेना. शेवटी पाळी आली येसूकाकूंवर. या स्वयंपाकीणबाईंनी शेटजींना लहानपणापासून जेवू घातलं होतं.

"काकू, तुमच्या मसाल्यातच काहीतरी आहे. बाजारच्या दिवशी गाडी मिळेल, आपल्या गावी जा."

काकूंचे डोळे भरले. त्यांनी जुन्या लुगड्याचा एक सदरा पुढे ठेवला. "दिवाळीसाठी शिवला होता. मऊ आहे, आत्ताच घाला."

ओशाळून शेटजींनी तो घातला, आणि इतका मऊ लागला की काढवेना. जेवण मात्र काकूंच्याच हातचं चालू होतं.

बाजारचा दिवस उजाडला. काकू गाडीत बसल्या. सवयीनं शेटजींचा हात मानेकडे गेला आणि थबकला. मान गार होती! कंबर मात्र पेटलेलीच. त्यांनी धोतराचा काठ पाहिला. काळी खूण नेमकी कंबरेवर टेकलेली. नव्या सदऱ्याला खूणच नव्हती. बिब्बा उतला होता, त्याच्या रसानंच कातडी पेटली होती!

शेटजी गाडीमागे धावत सुटले. "काकू, उतरा! मसाला निर्दोष आहे. चोर माझ्याच धोतरात आहे! माझं चुकलं."

काकू हसता हसता रडल्या. "काखेत कळसा अन् गावाला वळसा! चला, चुलीवर ठेवून आलेला भात करपेल."

खुणेचे कपडे गेले. खाज काही एका दिवसात गेली नाही. रोज खोबरेल चाले आणि हात मानेकडे वळला की आतून काकूंची पळी वाजे. मांजर परत आलं. वांगीही आली. हळूहळू कातडी निवली आणि शेटजी घोरू लागले.

परटानं विचारलं, "शेटजी, आता कपडे बदलले गेले तर?"

"जाऊ देत रे! झोप तर माझी मलाच मिळते ना?"

तात्पर्य: त्रासाचं मूळ शोधताना पहिली झडती स्वतःची घ्यावी, आणि ते सापडल्यावर उपाय धीरानं करावा.