कुऱ्हाडीचा न्याय

यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, देशी, समुद्राकाठच्या एका नगरात राजा लिसंद्र राज्य करीत असताना बोधिसत्त्व हत्यारांना धार लावणाऱ्याच्या कुळात जन्मला होता.

त्या नगरात नांगराचा बैल मारणे पाप होते. तरी वर्षातून एकदा आकाशदेवाला बैल द्यावा लागे. म्हणून लोकांनी रीत बसवली होती. बैल मारला की मारणारा पळून जाई. त्याला धरून आणीत आणि सभा भरे. धार लावायला पाणी आणणाऱ्या बाया धार लावणाऱ्याकडे बोट दाखवीत. तो मारणाऱ्याकडे दाखवी. मारणारा म्हणे, दोष कुऱ्हाडीचा. कुऱ्हाड बोलत नसे. जो उत्तर देत नाही तो दोषी, असा कायदा होता. कुऱ्हाड समुद्रात टाकीत आणि मग सगळे मांस खात.

एका वर्षी मारणारा दामास पळताना दलदलीत पडला. कुऱ्हाड चिखलात गेली ती सापडली नाही.

सभा भरली. बाया म्हणाल्या, "पाण्यानं कुठं बैल मरतो, महाराज?" बोधिसत्त्व वीस वर्षे देत आला तेच उत्तर देऊन बाजूला झाला.

राजाने दामासला विचारले, "कुऱ्हाड कुठं आहे?"

"बेडकांना विचारा, महाराज," दामास म्हणाला. लोक हसले.

पुजारी हसला नाही. "कोणीतरी दोषी ठरल्याशिवाय मांसाला हात लावता येणार नाही. देव कोपेल. उत्तर न देणारं दुसरं कोण आहे?"

पाणी आणणाऱ्या बायांत मिर्तो नावाची एक मुकी दासी होती. बायांनी तिला पुढे ढकलले. पुजाऱ्याने तीनदा विचारले. तिने तीनदा मान हलवली. मान हलवणे उत्तरात धरत नसत. तिचे हात बांधले.

तेव्हा बोधिसत्त्व परत पुढे आला. "महाराज, माझं उत्तर मी मागं घेतो."

"काका, गप बसा," दामास म्हणाला. "मांस शिजत आलंय."

"बैल मरणार हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून धार लावली. दोष माझा."

राजा म्हणाला, "वीस वर्षं तू दुसऱ्याकडं बोट दाखवलंस."

"खोटं बोललो."

"समुद्रात जावं लागेल."

"तिला सोडा. जातो."

मिर्तोचे हात सोडले. त्याच दोरीने बोधिसत्त्वाचे बांधले आणि त्याला कड्यावरून लोटले. मग पाने मांडली. मांस वाढले. पहिला घास कोणी घेईना. शेवटी कुत्र्यांना घातले.

पुढच्या वर्षी राजाने दवंडी पिटवली. धार लावायला कोणी आले नाही. बोथट कुऱ्हाड हाती धरायला दामासही तयार झाला नाही. त्या वर्षी देवापुढे जवाची भाकरी ठेवली. पीक नेहमीसारखेच आले. काही वर्षांनी पुजारी सांगू लागले की देवाला पहिल्यापासून भाकरीच हवी होती.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, एवढे सांगून तेव्हाचे आणि आताचे जन्म जुळवले: तेव्हाचा राजा म्हणजे आताचा उपासक धनपाल. दामास म्हणजे भिक्षू सोणक. मुकी मिर्तो म्हणजे भिक्षुणी वसुमती, जी आज शेकडोंना उपदेश करते. धार लावणारा मी होतो.

लोक ही कथा करुणेची समजतात. ही सत्यपारमितेची, म्हणजे सत्य पूर्णत्वाला नेण्याची, आहे. धार त्यानेच लावली होती.