ओला लेप

"कुठलं मोडू, वस्ताद?"

दस्तगीरचाचा हात धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तूच सांग. तुला तर सगळी हाडं पाठ हायत."

"मनगट. त्यानं आत्याचं मोडलं, तेच."

विचारणारा सर्जेराव. चाचांकडे हाडं बसवायला शिकत त्याला तीन वर्षं झाली होती, आणि आपलं शिकून झालं असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. चाचा मात्र त्याला नुसतं धरायला लावायचे. मोडलेला हात चाचा जुळवणार, अंड्याचा पांढरा बलक आणि उडदाचं पीठ कालवून लेप चाचाच लावणार. सर्जेरावनं लेप सुकेपर्यंत तो हात धरून बसायचं. "दाबायचं न्हाई, सोडायचं न्हाई." तीन वर्षांत धडा एवढाच.

ओल्या लेपात बोट रुतलं की खड्डा पडतो आणि आत हाड वाकडं जुळतं. सर्जेरावचं बोट रुतायचंच.

त्या दिवशी सकाळीही रुतलं होतं. हौसाआत्या एसटीची वाट बघत उभी असताना मोटारसायकलवरच्या एकानं तिच्या गळ्यातलं गंठण ओढलं. तिनं सोडलं नाही. दहा पावलं फरफटत गेली आणि मनगट मोडलं. सर्जेरावला या आत्यानंच लहानाचं मोठं केलेलं. तिचा हात धरताना त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेपावर चार बोटं उमटली. चाचांनी ती पाहिली आणि हात धुवायला उठले.

तेवढ्यात आम्ही चोराला घेऊन आलो.

आम्ही म्हणजे गाव. मीही त्यात होतो, खोटं कशाला सांगू. माझी पिठाची गिरणी. गिरणीचा जुना पट्टा हातात घेऊन मी धावलो होतो. पुलाच्या वळणावर त्याची गाडी घसरली आणि तो हाती लागला. त्याचा उजवा हात कोपराखाली लोंबत होता. गाडीवरून पडून मोडला की आमच्यातल्या कुणाच्या काठीनं, ते आजही गावात कुणी बोलत नाही.

पोलीस पाटलांनी फोन केला होता. ठाण्याची गाडी बंदोबस्तावर होती. तासभर लागणार होता.

माणसाला मारायला तास पुष्कळ झाला.

चाचांनी हात पुसले. पडवीत भिंतीला टेकवलेल्या चोराकडे पाहिलं. पस्तिशीचा, काटकुळा, तोंडाला माती.

"सर्ज्या, पोलीस येईस्तोवर ह्यो तुझ्या हातात."

"माझ्या?"

"तुझ्या."

"वस्ताद, मी जीव घीन त्याचा!"

"म्हणून तर. सगळ्यात जास्त राग तुला आलाय. बाकीच्यांचा उसना हाय."

मला ते लागलं. पट्टा मी जरा मागे घेतला, टाकला मात्र नाही.

"मोड त्याचं!" खाटेवरून हौसाआत्या ओरडली. "मेल्यानं गुरासारखी वढली मला!"

चाचा खाली बसले. उडदाचं पीठ पुन्हा कालवायला घेतलं. पीठ माझ्याच गिरणीतलं.

"नाव काय तुझं?"

चोरानं मान फिरवली.

"नाव इचारून काय करायचंय?" सर्जेराव म्हणाला. "पोलीस इचारतील की."

"लेप लावताना मी नाव घीतो माणसाचं. सवय हाय... काय रं, नाव?"

"दिगंबर."

"दिगंबर, दुखणार हाय. वरड खुशाल." मग सर्जेरावकडे वळून, "धर."

सर्जेरावनं हात पाठीमागे घेतले.

"धर म्हणतोय. मला दोनच हात हायत."

सर्जेराव उभाच. तीन वर्षांत चाचा 'धर' म्हणाले आणि त्यानं धरलं नाही, असं झालं नव्हतं. तो बसला. पण त्यानं तो हात असा काही पकडला की दिगंबर चाचांनी हात लावायच्या आधीच कळवळला.

"दाबू नगंस."

"चोर हाय वस्ताद!"

"हाडाला म्हाईत न्हाई ते."

चाचांनी हाड ओढून जुळवलं. दिगंबरनं फोडलेली किंकाळी गिरणीच्या आवाजातसुद्धा ऐकू आली असती. दाराशी जमलेले लोक एकदम शांत झाले.

"हळू..." खाटेवरून आवाज आला.

हौसाआत्या होती. तिनं नुकतंच तेच दुखणं सोसलं होतं. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं, तशी ती भिंतीकडे तोंड करून पडली.

चाचांनी लेप लावला, बोटं पुसली आणि उठले.

"आता बस धरून. मला नमाजाला जायचंय."

"वस्ताद! ह्यांच्यासमोर? मी एकटा?"

"एकटा कुठं... तो हाय की."

चाचा मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मला त्या घटकेला म्हाताऱ्याचा रागच आला. एवढा जमाव दारात, आणि हा माणूस आत जाऊन बसला!

सर्जेराव आणि चोर समोरासमोर. गुडघ्याला गुडघा. एकाचा मोडका हात दुसऱ्याच्या दोन्ही तळव्यांवर.

आमच्यातला तानाजी दाराचा उंबरा ओलांडून आत आला. त्याच्या हातात बैलगाडीची शिवळ होती. चांगलं जाड लाकूड.

"बेस झालं. तू धर असाच, मी हाणतो."

"थांब, तानाजी."

"का?"

"लेप ओला हाय."

"आरं, चोराचा लेप!"

"माझ्या हातातला हाय."

सर्जेरावला स्वतःलाच ते नवीन असावं. बोलून झाल्यावर त्यानं खाली आपल्या हातांकडे पाहिलं.

तानाजीनं शिवळ उगारली. सर्जेरावचे दोन्ही हात गुंतलेले. अडवणार कशानं? तो नुसता पुढे वाकला आणि दिगंबरच्या अंगावर आडवा झाला. घाव त्याच्या खांद्यावर बसला. एवढा मोठा आवाज झाला की तानाजीच दोन पावलं मागे सरला.

आम्ही सगळे सर्जेरावच्या हातांकडे बघत होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तळवे मात्र जिथल्या तिथे होते. त्यानं दाबलं नाही. सोडलंही नाही.

तानाजीनं शिवळ भिंतीला टेकवून ठेवली, अगदी हळू. मी पट्टा गुंडाळला आणि सदऱ्याखाली लपवला. लाज वाटली. आजही वाटते.

मग कुणीतरी तांब्याभर पाणी आणलं. सर्जेरावचे हात मोकळे नव्हते आणि दिगंबरचाही एकच चालत होता. तांब्या तानाजीनंच धरला. आधी सर्जेरावच्या तोंडाशी, आणि थोडा थांबून दिगंबरच्या.

पोलिसांची गाडी आली तेव्हा ऊन पडवीत शिरलं होतं. हवालदार घाईघाईनं आत आले.

"आरोपी कुठाय? कशानं बांधलाय?"

"हातानं," मागच्या दारातून चाचा म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले होते, कुणास ठाऊक.

हवालदारांनी दोघांकडे पाहिलं. चोर कोण आणि धरणारा कोण, हे त्यांना लगेच उमजेना. दोघंही घामाघूम, दोघांचेही डोळे ओले.

"सोडा आता. आम्ही घेतो."

"जरा थांबा, साहेब," सर्जेराव म्हणाला. "सुकू द्या."

हवालदार टोपी काढून ओट्यावर बसले.

लेप सुकला. सर्जेरावनं वरून बांबूच्या कामट्या बांधल्या, गाठ मारली आणि मगच हात बाजूला घेतले. मुंग्या आल्या होत्या. तो ते झटकत राहिला.

"किती दिस ठेवायचं?" दिगंबरनं विचारलं. नाव सांगितल्यानंतरचं त्याचं ते पहिलं बोलणं.

"एकवीस. पाणी लागू दिऊ नगंस." मग हवालदारांकडे बघून, "साहेब, ह्या हाताला बेडी नको. दुसऱ्या घाला."

गाडी गेली. आम्हीही एकेक करून पांगलो. माझा पाय मात्र निघेना.

सर्जेराव खांदा दाबत चाचांपुढे उभा राहिला.

"वस्ताद, तुम्ही आत नमाज पढत व्हता, हितं माझा जीव चालला व्हता."

"पढलो न्हाई. दाराच्या फटीतनं बघत हुतो."

"आन् तानाजीनं मला मारून टाकलं असतं तर?"

चाचांनी त्याचा खांदा चाचपून पाहिला.

"त्या चोराचा लेप तरी बघितला का तुम्ही?"

"बघितला."

"एक बोट उमटलेलं न्हाई त्यावर. एक बी!"

चाचा हौसाआत्याच्या खाटेपाशी गेले. तिचा हात त्यांनी अलगद वर घेतला. लेप वाळला होता. त्यावर सर्जेरावची चारही बोटं खोल रुतलेली दिसत होती.

सर्जेराव ती बघत राहिला.

चाचांनी पिठाची परात उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"ह्यो लेप भिजवून काढ. आता तू बसव... मी धरतो."