धवळखिंडीतले बारा जण

एका राज्यात, जिथे डोंगर आभाळाला टेकलेत आणि भर वैशाखातही माथ्यावरचं बर्फ हलत नाही, तिथे वीरध्वज नावाचा राजा होता. शूर होता, दानी होता. पण हट्टी म्हणजे इतका हट्टी, की काही विचारू नका. राज्याबाहेर पडायची वाट एकच, धवळखिंड. त्या वाटेला कोणत्या दिवशी लागावं आणि कोणत्या दिवशी मुकाट घरी बसावं, हे सांगणारा वाटाड्या होता सुभाना. ठकूबाई त्याची बायको. दोघं वाऱ्याचा वास घेत, ढगांची उंची बघत, बर्फात काठी खुपसून कान लावत. मगच माणसं वर नेत.

सात वर्षांमागे राणी चारुमती माहेरी निघाली. ज्योतिष्यांनी मुहूर्त काढून दिला. त्यांचं काय जातंय! त्यांना थोडंच वर जायचं होतं? सुभानाने हात जोडले. "महाराज, ढग खाली उतरलेत. दोन दिवस थांबू या."

राजा भर दरबारात गरजला, "माझ्या राज्यात निघालेला माणूस माघारी फिरत नाही!"

खिंडीत तुहिननाथ नावाचा मांत्रिक राहत असे. त्याने ते शब्द ऐकले आणि म्हणाला, "तथास्तु." झालं! राणी, सुभाना आणि दहा भोई असे बारा जण खिंडीच्या तोंडाशी उभ्या उभ्या गोठले, आणि त्यांच्याखालची सगळी वाट वादळात बुडाली. सात वर्षं तिथे मुंगीला शिरकाव नव्हता.

सातव्या वर्षी एका पहाटे वादळ थांबलं. ठकूबाई अंगणात आली, तर छपरावर एक भला थोरला डोमकावळा बसलेला. तो माणसासारखा बोलला.

"ठकूबाई, शापाची मुदत आज मध्यान्ही संपते. त्याआधी राजाने तीन कामं केली, तर बारा जण जगतील. नाही केली, तर दगड होतील."

"कोणती कामं?"

"पहिलं, गुहेतला वारा गाठीत बांधावा. दुसरं, गोठलेल्या तळ्यातल्या नागाला विचारावं, तो कशाला भितो. तिसरं सांगायची मला मुभा नाही. ते वर कळेल."

ठकूबाई तशीच धावत राजवाड्यावर गेली. राजाने ऐकलं आणि पायात जोडे चढवले. ज्योतिषी पंचांग उघडू लागले, त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"महाराज, एकच अट," ठकूबाई म्हणाली. "वर मी सांगेन ते ऐकायचं."

"बरं," राजा म्हणाला. मोठी माणसं म्हणतात ना, तसलं 'बरं'. तिला ते समजलं. पण वेळ कुठे होता?

दोघं वाटेवरच्या गुहेशी पोचले तेव्हा आत वारा गुरगुरत होता. तोंडाशी हाडांचा खच पडलेला. ठकूबाईने बोट ओलं करून वर धरलं. "आत ओढणारा आहे. त्याच्याकडे तोंड करू नका, पाठ करा. पागोट्याचं टोक सोडा." राजाने टोक सोडलं. वारा त्यात शिरला, तशी राजाने गाठ मारली. गाठीत तो कोंडलेल्या कुत्र्यासारखा केकाटत राहिला. पहिलं काम झालं.

तळ्यावर दोघांनी जपून पाऊल टाकलं. बर्फाखालून घंगाळाएवढा एक डोळा त्यांच्या पावलांबरोबर सरकत होता.

"नागराज," राजाने विचारलं, "आपण कशाला भिता?"

"थंडीला नाही," नाग म्हणाला. "उन्हाला भितो. गारठ्यात बर्फ झोपलेलं असतं. ऊन लागलं की जागं होतं आणि मग कुणाचं नसतं." एवढं बोलून तो खोल गेला. दुसरं काम झालं.

खिंडीखालचा शेवटचा उतार लागला तेव्हा सूर्य डोक्यावर येत होता. लख्ख ऊन पडलेलं. वारा नाही, ढगाचा ठिपका नाही. कुणीही म्हणावं, काय सुरेख दिवस आहे! ठकूबाईला मात्र नागाचे शब्द आठवले.

वर बारा जण उभे होते. सगळ्यांत पुढे सुभाना. अंगावर बोटभर बर्फ, पण तोच तो, किंचित उजवीकडे झुकून उभा राहणारा. मध्ये तीस पावलं राहिली असतील.

तेवढ्यात पायांखाली धप्प आवाज झाला. आत काहीतरी खचलं आणि त्यांच्या पुढ्यात उतारावर केसाएवढी भेग आडवी धावत गेली.

ठकूबाई जागच्या जागी थिजली. हा आवाज तिला ठाऊक होता. पण मनात आलं, आपण बोललोच नाही तर? तीसच तर पावलं आहेत. सात वर्षं ज्या माणसासाठी रडलो, त्याच्या हाताला हात लागेल. पुढचं पुढे. राजाने पाऊल उचललंसुद्धा.

"फिरा, महाराज," ती म्हणाली.

"आता? तीस पावलांवरून? त्यांना हात लावणं हेच तिसरं काम असणार!"

"असेल."

"मध्यान्ह होतेय. ते दगड होतील, ठकूबाई!"

"तिथं माझा नवरा उभा आहे!" ती ओरडली. "मला काय दिसत नाही? पण हा उतार आता सुटणार. एक पाऊल टाकलंत तर तुम्ही राहणार नाही, मी राहणार नाही, आणि उतार सुटला की वरचे तरी कशावर उभे राहतील? फिरा म्हणते ना!"

राजाने राणीकडे पाहिलं. आणि जन्मात पहिल्यांदा तो माघारी फिरला.

दोघं आल्या पावलांवर पाय ठेवत, जीव मुठीत धरून उतरू लागले. ठकूबाईने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती वर धावली असती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिच्या मनात एकच, मी मारलं त्यांना, मी माझ्या तोंडाने मारलं.

कड्याच्या आडोशाला पोचतात न पोचतात तोच मध्यान्ह झाली. उतार सुटला. डोंगर कोसळावा तसा आवाज झाला, आणि राजा आणि ठकूबाई मघाशी जिथे उभे होते तिथून पांढरं धूड गर्जत दरीत गेलं. मग सगळीकडे धुरळा. समोरचं काही दिसेना.

डोमकावळा कड्यावर येऊन बसला. "तिसरं काम झालं."

"कोणतं?" राजाने विचारलं.

"राजाने माघारी फिरायचं. राजाच्या शब्दाने लागलेला शाप राजाच्या पावलांनीच सुटायचा होता. तुहिननाथ बांधला गेला होता तुमच्या शब्दाला. तो मोकळा झाला, त्याचा निरोप्या म्हणून मीही झालो." आणि कावळा उडून गेला.

राजाने पागोट्याची गाठ सोडली. कोंडलेला वारा सुसाटत निघाला आणि क्षणात धुरळा झाडून गेला. भुसभुशीत बर्फ पार निघून गेलं होतं; खाली काळाभोर, घट्ट खडक उघडा पडला होता. आणि त्या खडकावरून बारा माणसं अंगावरचं बर्फ झटकत, एकामागोमाग एक खाली येत होती.

सुभाना जवळ आला आणि बायकोकडे बघतच राहिला. त्याच्या लेखी तो सकाळीच घरून निघाला होता.

"अगं, केस कुठे पांढरे करून आलीस?"

ठकूबाईने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला तो धरला.

राणी मात्र राजावर रुसली होती. "आम्हाला न्यायला आलात ना? मग पाठ फिरवून खाली का निघाला होतात?"

राजाने मान खाली घातली.

"ठकूबाई फिरा म्हणाल्या," तो म्हणाला.

त्या दिवसापासून धवळखिंड वाहती झाली आणि वाटाड्याच्या शब्दापुढे मुहूर्ताचं काही चालेनासं झालं. वाटेवरून माघारी आलेल्या माणसाला त्या राज्यात आजही उंबऱ्यावर ओवाळूनच आत घेतात.